हिरड्या सुजल्या की मूल आळशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या दातांवरचा लेख वाचला. ‘हिरडीतून रक्त येते म्हणजे मूल ब्रशचा आळस करते’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, जाड ठशात छापले. दुपारपर्यंत ती चौकट आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरली आणि संध्याकाळी माझ्या मुलीनेही वाचली.

मुलगी सातवीत आहे. वरचा ओठ आखूड, त्यामुळे स्वस्थ बसली तरी ओठ मिटत नाहीत. झोपेत तर तोंड उघडेच असते. शाळेतल्या स्वच्छता तपासणीत तिला वर्गासमोर तोंड उघडायला लावून ‘घरी दात घासायला शिकवत नाहीत का?’ असे विचारले गेले. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरते. सकाळ-रात्र मी शेजारी उभी राहून ब्रश करून घेते, म्हणून हे जास्त लागते.

तिच्या वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी लालभडक, फुगलेली, वाळून चकाकणारी आहे. दाढांजवळची मात्र छान गुलाबी. ब्रश तोच, हात तोच. घाईत घासणाऱ्याच्या दाढा राहून जातात, समोरचे दात नव्हेत. मग सूज नेमकी उघड्या पट्ट्यातच का?

आमच्या दंतवैद्यांनी ते नीट समजावले. सूज येते ती दातांवर साचणाऱ्या चिकट थरामुळेच, म्हणून ब्रश हवाच. पण ओठाखाली झाकलेले दात लाळेने सतत ओले राहतात, धुतले जातात. उघडे राहिले की हिरडी कोरडी पडते, थर घट्ट बसतो. ११ ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांची तपासणी करून १९९१ सालीच हे मांडले गेले आहे: ओठ जितके विलग आणि वरच्या ओठाने दात जितके कमी झाकलेले, तितका थर आणि सूज जास्त. मूल तोंडाने श्वास घेत असेल तर दातांच्या मागे, टाळूकडची हिरडीही सुजते. अशा वेळी नाक चोंदते का, नाकामागची गाठ वाढली आहे का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवे. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली तोंड उघडे टाकून झोपणारी मुले घरोघरी आहेत. त्यांच्या आईबापांना एवढे सांगितले असते तर लेखाचा उपयोग झाला असता. वाढत्या वयात ओठाची लांबीही वाढते आणि बऱ्याच मुलांचे ओठ पुढे मिटू लागतात, हा दिलासाही देता आला असता. तुम्ही मुलांना आळशी ठरवून मोकळे झालात.

खुलासा छापा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, तशाच चौकटीत, तेवढ्याच जाड ठशात.

आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी पानमसाल्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीची मोठी जाहिरात होती. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; अशी जाहिरात वेलचीच्या आडून तसल्याच मालाचे नाव मुलांपुढे आणते. मुलांच्या दातांच्या लेखाखाली तरी असली जाहिरात घेऊ नका.

आपली,
एक पालक, साखर पेठ, सोलापूर