खुर्ची मिळाली, पण बाथरूमच्या दारातून आत जात नाही

महोदय,

ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांना सहाय्यक साधने वाटल्याची परवाच्या अंकातील बातमी आणि त्यासोबतचे छायाचित्र पाहिले, आणि काल दिवसभर ते मनातून जाईना म्हणून हे पत्र लिहीत आहे. व्यासपीठावरील सर्व मान्यवरांची नावे बातमीत आली आहेत, वाटलेल्या व्हीलचेअर, वॉकर आणि कुबड्यांची संख्या आली आहे, आणि या साधनांमुळे लाभार्थी स्वावलंबी होतील असेही आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. छायाचित्रातल्या खुर्चीवर बसलेल्या आजींना त्या दिवशी घरून कोणी आणले, त्या किती वेळ तिथे बसून होत्या आणि ती खुर्ची त्यांच्या घरात शिरली की नाही, याचा मात्र बातमीत उल्लेख नाही. हे मी विचारतो, कारण मागील वर्षी अशाच एका शिबिरात माझी पत्नी त्या आजींच्या जागी बसली होती.

पत्नीचे वय एकाहत्तर. 2022 साली तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तिच्याकडे साठ टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे. लाभार्थ्याने शिबिरात प्रत्यक्ष हजर राहिले पाहिजे, असे आम्हाला फोनवर सांगण्यात आले होते. सभागृह पहिल्या मजल्यावर होते, लिफ्ट नव्हती, आणि एकोणीस पायऱ्या दोन अनोळखी मुलांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून चढवल्या. पाहुणे येईपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत तिने पाण्याचा घोटही घेतला नाही, किंबहुना सकाळपासूनच घेतला नव्हता, कारण तिथल्या स्वच्छतागृहाला पायरी असेल आणि आपल्याला कुणीतरी आत घेऊन जावे लागेल, ही धास्ती तिला घरातून निघतानाच होती. टेबलावरच्या कर्मचाऱ्यांनी आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची प्रत, सगळे तपासले. कोणता हात चालतो, घराच्या दारांची रुंदी किती आहे, घरात उंबरठे आहेत का, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही.

खुर्ची घरी आणली. ती बाहेरून सव्वीस इंच रुंद आहे आणि आमच्या बाथरूमचे दार चोवीस इंचांचे आहे, शिवाय दाराला चार इंचांचा उंबरठा. म्हणजे जिथे तिला आधाराची खरी गरज होती तिथपर्यंत ती खुर्ची पोहोचतच नव्हती, आणि पूर्वीप्रमाणेच मी तिला काखेत हात घालून उचलून नेत राहिलो. मी शहात्तर वर्षांचा आहे, माझी कंबर किती दिवस साथ देणार? दिवसा एक मावशी ठेवून पाहिल्या, पण सूतगिरणीतील कारकुनीनंतर मिळणाऱ्या पीएफच्या पेन्शनीत त्यांचा पगार दोन महिन्यांपलीकडे परवडला नाही.

शेवटी एका सुताराकडून बाथरूमच्या भिंतीला आधारासाठी दांडा लावून घेतला. त्याने साधा टॉवेल रॉड प्लास्टिकच्या रावळप्लगवर (स्क्रू धरण्यासाठी भिंतीत घालतात त्या नळीवर) बसवला, तोही उजव्या बाजूला. पत्नीचा डावा हात उलटा होऊन त्यावर भार पडला आणि चौथ्याच दिवशी दांडा प्लास्टरसकट निघून आला. ती पडली नाही, हे आमचे नशीब. पुढे आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर स्वतःहून घरी आले. त्यांनी आधी पत्नीला कमोडवर बसायला सांगितले, डावा हात सहज जिथे टेकतो तिथे भिंतीवर खडूने खूण केली, मग तिला उठायला लावून दुसरी खूण केली, आणि त्या दोन खुणांच्या हिशेबाने जीआय पाइपचा तिरपा दांडा अँकर फास्टनरने (भिंतीत घट्ट रुतणाऱ्या लोखंडी बोल्टने) भिंतीत पक्का केला. गवंड्याने उंबरठा फोडून तिथे उतार काढला. एका दुपारचे काम आणि एकूण खर्च दोन हजारांच्या आत. तेव्हापासून ती चार पायांची काठी घेऊन भिंतीच्या आधाराने आत जाते आणि दांडा धरून स्वतः उठते. पहिल्या दिवशी तिने आतून कडी लावली, तो आवाज मी बाहेर उभा राहून ऐकला. अडीच वर्षांत ती प्रथमच दार लावून एकटी आत गेली होती.

हे जे आमच्या शेजाऱ्यांनी केले ते सरकारी व्यवस्थेत कोणाचे काम आहे, असा माझा प्रश्न आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र नागरिकांना एकदाच 3,000 रुपये खात्यात मिळतात, आणि ज्यांच्यासाठी ते मिळतात त्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा आहे. रक्कम थेट मिळते हे चांगलेच आहे, परंतु ही यादी वस्तूंची आहे, घरी येऊन पाहणाऱ्या माणसाची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 मध्ये तर दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देताना घरातील आणि परिसरातील सहाय्यसेवा, वैयक्तिक मदतनीसासह, उपलब्ध करून देण्याचे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्या निधीतून प्रत्येक प्रभागासाठी एक फिजिओथेरपिस्ट, एक गवंडी आणि एक फिटर अशी तीन माणसे फिरती ठेवली, तरी आमच्यासारख्या किती घरांतल्या कड्या आतून लागतील! केरळने 2008 साली पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दीर्घ आजारी रुग्णांचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारले आणि तिथल्या पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तिथे हे होऊ शकते, तर आपल्याकडे का नाही?

घरोघरी जाणे शक्य नाही, असे कोणी म्हणू नये. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरील आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करता आले. बीएलओंनी (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी) अर्ज घरी आणून दिला, नेमलेल्या दिवशी अधिकारी, पोलिस आणि चित्रीकरण करणारे असे सगळे पथक आमच्या दारात आले, आणि पत्नीने पलंगावर बसून, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, डाव्या हाताने मत दिले. त्या सर्व कर्मचाऱ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. पण एका मतासाठी ज्या घराचा पत्ता सापडतो, त्याच घरी दांड्याचे माप घ्यायला माणूस का येत नाही?

बँकेचेही इथेच सांगतो, कारण तेही याच दुखण्याचा भाग आहे. सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना केली आहे. आमच्या शाखेत केवायसी नूतनीकरणासाठी पत्नीला समक्षच आणा, असे मला तीन वेळा सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी रिक्षातून नेले, तर जुनी उजव्या हाताची सही जुळत नाही म्हणून पुन्हा यायला सांगितले. जो हातच हलत नाही त्याची सही कुठून आणायची?

आपल्याला एक विनंती आहे. पुढील शिबिराची बातमी छापल्यानंतर महिनाभराने आपल्या प्रतिनिधीला त्यांतील चार-पाच लाभार्थ्यांच्या घरी अवश्य पाठवा, आणि मिळालेले साधन घरात कुठे ठेवले आहे तेवढे लिहायला सांगा. आमची खुर्ची गॅलरीत घडी घालून ठेवली आहे. ती अजून कोरी आहे. ज्यांच्या घराची दारे रुंद आहेत अशा कुणाला तिची गरज असल्यास त्यांनी ती आनंदाने घेऊन जावी. आमचा पत्ता या पत्रासोबत आपल्या कार्यालयासाठी स्वतंत्र दिला आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली