हिरडीतला पू कोरड्या स्वॅबवर नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिरडीतून पू आला की कोरड्या स्वॅबवर (कापूस लावलेल्या काडीवर) घेऊन साध्या कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवू नये आणि त्या रिपोर्टवर अँटिबायोटिक ठरवू नये, अशी सांगली-मिरजेतल्या डॉक्टरांना व रुग्णांना कळकळीची विनंती.

दात आणि हिरडीमधल्या खोल फटीतल्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. कोरड्या स्वॅबवर ते वाटेतच मरतात. लाळेतले स्ट्रेप्टोकोकाय मात्र तगतात, दुसऱ्या दिवशी प्लेटभर वाढतात आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते औषध चालेल याची तपासणी, होते ती त्यांची. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल हे प्राणवायू न सोसणाऱ्या जिवाणूंवरचे औषध चालत नाही. म्हणजे खऱ्या दोषी जिवाणूंवर लागू पडणारे औषधच कागदावर बाद होते!

नमुना घेताना दातावर जमलेला वरचा चिकट थर आधी काढावा, कापसाचे रोल लावून दात कोरडा करावा. मग रूट कॅनालमध्ये वापरतात तो निर्जंतुक पेपर पॉइंट फटीच्या तळापर्यंत अलगद सरकवून 10 ते 20 सेकंद ठेवावा आणि लाळ लागू न देता थेट अ‍ॅनेरोबिक ट्रान्सपोर्ट माध्यमाच्या (जिवाणूंना प्राणवायूविना जिवंत ठेवणाऱ्या) बाटलीत टाकावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण गारव्यात प्राणवायू जास्त विरघळतो. मे महिन्यात जत-आटपाडीहून एसटीच्या डिकीतूनही पाठवू नये. खोलीच्या तापमानाला, 24 तासांच्या आत ती पोचायला हवी. पुढे हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेल्या ब्लड अगारवर (जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीवर), प्राणवायू काढलेल्या जारमध्ये, जिंजिव्हॅलिसच्या काळ्या वसाहती दिसायला आठवडाभर लागतो. दोन दिवसांच्या रिपोर्टात तो सापडणारच नाही.

अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टरची गोष्ट निराळी. हिरडीच्या आजारातला हा दुसरा जिवाणू हवेतही तग धरतो आणि एकट्या मेट्रोनिडाझोलला दाद देत नाही, म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिनची जोड देतात. उलट काही प्रिव्होटेला जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे औषध मोडणारे एन्झाइम तयार करून एकटे अ‍ॅमॉक्सिसिलिन निकामी करतात.

आणि रिपोर्ट अचूक असला तरी प्रयोगशाळेत तपासलेले जिवाणू सुटे असतात. फटीत ते चिकट थरात दडलेले असतात, तिथे रिपोर्टातल्या औषधाच्या तेवढ्या मात्रेने भागत नाही. तो थर स्केलिंग आणि रूट प्लेनिंगने (दात व त्याचे मूळ घासून साफ करून) खरवडावाच लागतो. बहुतेक रुग्णांना तेवढे पुरते; कल्चरही लागत नाही, गोळ्याही नाहीत. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी पू चार दिवस थांबतो, आत हाड झिजतच राहते.

प्रयोगशाळांनी रिपोर्टवर तीन गोष्टी छापाव्यात: नमुना कसा घेतला, जार वापरला का, प्लेट किती दिवस ठेवली.

आपला,
एक दंतवैद्य, विश्रामबाग, सांगली