सौरऔष्णिक विजेचा हिशेब उष्णतेच्या साठ्यासह मांडावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात सौरऊर्जेवर नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या लेखात, आरशांनी ऊन एकवटून वाफ आणि त्या वाफेवर वीज तयार करणारे, म्हणजेच सौरऔष्णिक, प्रकल्प महागडे आणि कालबाह्य ठरवण्यात आले आहेत. सौरपट्ट्यांपासून मिळणाऱ्या युनिटचा दर आणि या प्रकल्पांतील युनिटचा दर शेजारी-शेजारी ठेवून लेखकाने हा निष्कर्ष काढला आहे. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, तुलनेबद्दल आहे. भर दुपारची वीज हवी असेल तर सौरपट्टीची बरोबरी कोणी करू शकत नाही आणि आरशांच्या प्रकल्पांनी त्या फंदात पडूही नये. त्यांच्या विजेला खरी किंमत येते ती सूर्य मावळल्यावर, आणि तेव्हा ती देता येते ती टाक्यांत साठवलेल्या उष्णतेमुळे. लेखात या साठ्याची बोळवण एका वाक्यात झाली, म्हणून हे पत्र.

साठ्यासाठी आज बहुतेक ठिकाणी ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे वितळलेले मिश्रण वापरतात. हे दोन्ही क्षार खत म्हणूनही परिचित आहेत. ते स्वतः पेट घेत नाहीत आणि शेकडो अंश तापमानालाही त्यांना दाबाखाली ठेवावे लागत नाही. याचे महत्त्व अनुभवातून कळले आहे : कॅलिफोर्नियातील १९८४ च्या ‘सेग्ज-१’ प्रकल्पात उष्णता खनिज तेलात साठवली जात असे, १९९९ मध्ये त्या साठ्याला आग लागली आणि तो पुन्हा उभारला गेला नाही.

मनोऱ्याच्या प्रकल्पात थंड टाकीतले क्षार सुमारे २९० अंश सेल्सिअसला असतात. तेथून ते पंपाने मनोऱ्याच्या माथ्यावरील रिसीव्हरमध्ये (ऊन झेलणाऱ्या नळ्यांच्या संचात) चढवले जातात, हजारो आरशांनी तेथे फेकलेले ऊन घेऊन सुमारे ५६५ अंशांपर्यंत तापतात आणि गरम टाकीत उतरतात. वीज हवी असेल तेव्हा गरम टाकीतले क्षार वाफ तयार करण्यासाठी वापरायचे आणि निवल्यावर पुन्हा थंड टाकीत सोडायचे, असा हा फेरा आहे. त्यामुळे ऊन गोळा करण्याची वेळ आणि टर्बाइन चालवण्याची वेळ यांची फारकत होते. आकाशात ढग आला तरी टर्बाइनला त्याचा पत्ता लागत नाही. नीट आवरण घातलेल्या मोठ्या टाकीचे तापमान दिवसाकाठी जेमतेम एखाद्या अंशाने उतरते. उष्णतेची वीज करताना निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते हे खरे; पण ती साठवली नसती तरी तेवढी गेलीच असती. ही तूट साठ्याच्या खात्यावर टाकणे योग्य नाही.

साठा किती मोठा लागेल, हे तापमानातील फरकावर ठरते आणि इथेच दोन प्रकारच्या प्रकल्पांत मोठी तफावत पडते. या मिश्रणाच्या एका किलोला एक अंशाने तापवायला साधारण दीड किलोज्यूल उष्णता लागते. मनोऱ्यात हा फरक २७५ अंशांचा असल्यामुळे एका टनात सुमारे ११५ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता मावते. पन्हाळीसारख्या वक्र आरशांच्या प्रकल्पांत ऊन आधी तेल झेलते आणि ते तेल ४०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते; म्हणून क्षारांना साधारण २९० ते ३८५ एवढाच पल्ला मिळतो आणि एका टनात ४० युनिटही मावत नाहीत. स्पेनमधील ‘अंदासोल-१’ या ५० मेगावॉटच्या प्रकल्पाला साडेसात तासांच्या साठ्यासाठी (म्हणजे पूर्ण क्षमतेने तेवढे तास वीज देता येईल एवढ्या उष्णतेसाठी) २८,५०० टन क्षार लागले, त्याचे कारण हेच. उलट सेव्हिलजवळचा ‘जेमासोलार’ हा मनोऱ्याचा प्रकल्प जेमतेम २० मेगावॉटचा, पण त्याचा साठा १५ तासांचा आहे आणि २०१३ मध्ये त्याने सलग ३६ दिवस अहोरात्र वीज दिली. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील ‘सेरो दोमिनादोर’ प्रकल्पात हा साठा साडेसतरा तासांचा आहे. (ज्या वाळवंटातून नायट्रेट खणून जगभर गेले, तिथेच ते आता उष्णता सांभाळते आहे.)

आता दुसरी बाजू. हे मिश्रण २४० अंशांच्या खाली उतरले की गोठू लागते. त्यामुळे प्रत्येक नळी आणि झडप विजेच्या तारांनी उबदार ठेवावी लागते. रिसीव्हर दर संध्याकाळी रिकामा करावा लागतो आणि सकाळी क्षार चढवण्यापूर्वी थोड्याच आरशांचे ऊन टाकून त्याच्या नळ्या आधी तापवून घ्याव्या लागतात. याहून अवघड जागा म्हणजे गरम टाकीचा तळ. ४० मीटर व्यासाचा पोलादी तळ सामान्य तापमानापासून ५६५ अंशांपर्यंत तापताना एक फुटाहून अधिक पसरतो. वर हजारो टन क्षारांचे ओझे आणि खाली पायाचे घर्षण. अशा वेळी पत्रा उचलला जातो, सांधे तडकतात. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील ११० मेगावॉटचा ‘क्रेसेंट ड्यून्स’ प्रकल्प २०१६ मध्ये गरम टाकीच्या गळतीमुळे सुमारे आठ महिने बंद होता आणि पुढे तो दिवाळखोरीत गेला. टीकाकारांचे हे आवडते उदाहरण आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्यातून दोष निघतो तो टाकीच्या तळाच्या रचनेचा आणि जोडकामाचा, उष्णता साठवण्याच्या तत्त्वाचा नव्हे.

बॅटऱ्या स्वस्त झाल्या आहेत, हा लेखकाचा मुद्दा मला मान्य आहे. संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी नव्या ठिकाणी आज मीही सौरपट्टी आणि बॅटरीच निवडेन. धुरकट, धुळीच्या आकाशाखाली तर आरशांचा विचारही करू नये, कारण विखुरलेला प्रकाश त्यांना एकवटता येत नाही. पण गरज रात्रभराची असेल तर गणित बदलते. बॅटरीच्या बाबतीत तास दुप्पट करायचे तर बॅटऱ्या जवळपास दुप्पट घ्याव्या लागतात. इथे क्षार, टाक्या आणि आरसे वाढतात, टर्बाइन व जनित्र मात्र तेच राहतात. शिवाय फिरत्या जनित्राचे जडत्व वीजजाळ्याची (ग्रिडची) वारंवारता सावरते, ते वेगळेच. दुबईतील ७०० मेगावॉटच्या सौरऔष्णिक प्रकल्पाला २०१७ मध्ये युनिटमागे ७.३ अमेरिकी सेंट हा दर मिळाला, तो रात्रीच्या पुरवठ्यासह होता. तो दुपारच्या दराशेजारी छापला तर महाग दिसणारच.

तेव्हा अशा प्रकल्पांविषयी लिहिताना मेगावॉटसोबत साठ्याचे तास, वीज कोणत्या वेळी पुरवायची आहे आणि गरम टाकीच्या दुरुस्तीची हमी कोणी, किती वर्षांसाठी घेतली आहे, एवढे तपशील आपल्या वार्ताहरांनी आवर्जून विचारावेत आणि छापावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औष्णिक अभियंता