रॅक २० मिलिमीटर खाली घेतला

नागपूर,
५ जून २०२४

प्रिय दोस्ता,

मागच्या महिन्यात तू स्लिंगशॉटचा, त्या अमेरिकन तीनचाकी गाडीचा, फोटो पाठवला आणि मी नुसता अंगठा टाकला. तुला राग आला असेल. पण तो फोटो आला तेव्हा मी आपल्या तीनचाकीच्या खाली पाठीवर पडून होतो. हातात १४ चा पाना आणि डोळ्यांत गंजाचा भुगा. आपण कॉलेजात बनवलेलीच ती, २०११ ची. मामाच्या गोडाऊनमधून मार्चमध्ये तिला छोट्या हत्तीवर टाकून घरी आणली आणि तेव्हापासून रोज तिच्याच मागे आहे. नवतपाच्या कडक उन्हात सकाळी नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नव्हता, म्हणून पहाटे पाच ते नऊ आणि मग रात्री जेवण झाल्यावर, असं काम चाललं.

फोनवर सांगता आलं असतं. पण यात एक गोष्ट अशी आहे की ती बोलताना मी अडखळलो असतो आणि तू नेहमीसारखा "जाऊ दे ना बे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून पत्र लिहून राहिलो. पूर्ण वाच.

ताडपत्री काढली तेव्हा काय दिसलं ते आधी सांगतो. सीटच्या फोममध्ये उंदरांची घरं, वायरिंगची साल सोललेली, टाकीत पेट्रोलच्या जागी काळा डिंक. कार्ब्युरेटर उघडला तर कमी वेगावर पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोकच दिसेना. तो साफ करून बसवला, इंजिन चालूही झालं, पण पेडल कितीही दाबलं तरी वर चढेना. दोन दिवस मी जेटच्याच मागे होतो. मग स्लाइडचा रबरी पडदा उजेडात धरला, तर त्याला बोटाच्या पेराएवढी चीर होती. त्या पडद्यावरच्या हवेच्या दाबानेच स्लाइड वर उचलली जाते, तो फाटला की बाकी सगळं ठीक असून उपयोग नाही. नवीन पडदा बसवला आणि काम झालं.

इंजिनाने मात्र साथ दिली. पल्सर २२० चं ते इंजिन आपण भंगारातून कसं उचलून आणलं होतं आठवते ना, कामठी रोडवरून, रिक्षात, पायांमध्ये धरून? या वेळी दोन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं, तर मोकळं. कार्ब्युरेटरचं निस्तरल्यावर पेडल दाबलं आणि ते जे बोललं ना, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तोच आवाज आहे रे," म्हणाली. तिने त्या दिवशी तर्री पोहे केले आणि तुझी आठवण काढली, कारण तू तर्री तीनदा मागून घ्यायचा.

मग चासी. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म जिथे बसतो तिथे उजव्या बाजूला रंगाखाली केसाएवढी रेघ होती. रंग खरवडला, भेग दाखवणारा लाल डाय लावला, पुसला, वरून पांढरा डेव्हलपर फवारला. थोड्या वेळात ३८ मिलिमीटरची लाल रेघ उमटून आली. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण आपण त्याच चासीवर ताशी ७० ने गेलो होतो. हिंगणा एमआयडीसीत एक वेल्डर काका आहेत, त्यांना घरी घेऊन आलो. ते म्हणाले, भेगेवरून नुसतं वेल्डिंग फिरवलं तर ती बाजूने पुन्हा फुटणार. आधी दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे भेग तिथेच थांबते. मग घासून खाच करायची, ती भरायची आणि वरून पतंगाच्या आकाराची पट्टी लावायची. चौकोनी पट्टी लावली तर वेल्ड पाइपाला आडवी जाते आणि सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. पतंगाच्या कडा तिरप्या, त्यामुळे ताण पसरतो. किती साधी गोष्ट आहे, आणि चार वर्षं इंजिनिअरिंग करून आपल्याला ती कोणी सांगितली नव्हती. वेल्डिंगच्या आधी मी बॅटरी आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) दोन्ही काढून ठेवले, हे तुझ्या माहितीसाठी.

आता ती गोष्ट.

फेब्रुवारी २०१२, काटोलजवळची मामाची बाग. तू चालवून राहिला होता, मी बाजूला. उजवं वळण होतं. डाव्या चाकाखाली धुऱ्याचं ढेकूळ आलं आणि गाडी एकदम उजवीकडे ओढल्या गेली, सरळ संत्र्याच्या झाडात. तुझं मनगट स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकून मोडलं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर तुझ्या बाबांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "त्याने वळण जोरात घेतलं काका." कॉलेजमध्येही हेच सांगितलं. तू कधी उलट बोलला नाही. मला वाटते तुझाही त्यावर विश्वास बसला असेल.

त्याच्या पंधरा दिवस आधी तू वहीत आकृती काढून मला दाखवली होती. स्टिअरिंगचा रॅक जास्त वर बसला आहे, त्याला चाकाशी जोडणारा टाय रॉड आणि चाक धरणारा खालचा आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतील, चाक वर-खाली झालं की आपोआप वळेल, असं तू म्हणाला होता. मी म्हटलं, पाइप तिथेच आहे, कापला तर पुन्हा दोन आठवडे जातील, प्रदर्शन तोंडावर आलं आहे. मला ते वाक्य आजही शब्दशः आठवते.

या एप्रिलमध्ये मी ते मोजलं. दोन्ही पुढच्या शॉकअपमधून स्प्रिंग काढल्या आणि नुसते स्ट्रट परत बसवले, म्हणजे चाक जॅकने हवं तसं वर-खाली करता येते. स्टिअरिंग दोरीने बांधून टाकलं. चाकाच्या जागी हबवर सरळ फळी बोल्टने आवळली, टायरच्या व्यासाएवढी, ५०८ मिलिमीटर. मग १०-१० मिलिमीटरने जॅक चढवत गेलो आणि दर वेळी फळीच्या दोन्ही टोकांचं अंतर भिंतीला धरलेल्या सरळ पट्टीपासून घेतलं. ४० मिलिमीटर वर गेल्यावर फळीचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा १० मिलिमीटर आत वळलं होतं. स्टिअरिंगला कोणी हातही लावला नव्हता. मी ते माप चार वेळा घेतलं. शेवटच्या वेळी रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

आपला रॅक एक्सलच्या मागे आहे. तो २० मिलिमीटर जास्त उंच बसला होता, त्यामुळे टाय रॉड बाहेरच्या बाजूला उतरता. चाक वर उचललं गेलं की रॉड आडवा व्हायला लागतो, त्याचं बाहेरचं टोक आणखी बाहेर सरकते, चाकाच्या मागच्या बाजूला ढकलते आणि चाक आत वळते. डावं चाक आत म्हणजे गाडी उजवीकडे. त्यात उजव्या वळणावर गाडीचा भार आधीच डाव्या चाकावर असतो, म्हणजे ते आधीच थोडं आत वळलेलं, आणि त्यावर ढेकूळ. तू स्टिअरिंग सरळ धरलं असतं तरी ती झाडातच गेली असती. तुझं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, दोनदा. एकदा तुझं ऐकलं नाही तेव्हा, आणि दुसऱ्यांदा दवाखान्याच्या बाहेर.

परवाच्या रविवारी मी धरमपेठेत तुझ्या घरी गेलो आणि काकांना हे सगळं सांगितलं. तुझी ती वही माझ्याकडेच राहिली होती, ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली. काकूंना चहा ठेवायला सांगितला. मग विचारलं, "आता नीट वळते का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग त्याला कळव." म्हणून हे पत्र आजच लिहायला घेतलं.

दुरुस्ती अशी केली. जुने ब्रॅकेट कापले, ६ मिलिमीटरच्या पत्र्याचे नवे केले, त्यांना उभे खाचे ठेवले आणि खालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या काढत रॅक एक-एक मिलिमीटरने उतरवत गेलो. तुझ्या वहीत उत्तर २० लिहिलं होतं, माझं १९ वर थांबत होतं, शेवटी २० वरच सगळ्यात चांगलं आलं. आता ४० मिलिमीटरला फळी जेमतेम १ मिलिमीटर फिरते. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून मागचं चाक मध्यरेषेवर आणलं आणि पुढे २ मिलिमीटर टो-इन ठेवलं, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची बाजू किंचित आत.

वजनही नव्याने वाटलं. कळमन्यातल्या एका ओळखीच्या अडत्याकडून धान्याचे तीन इलेक्ट्रॉनिक काटे एका सकाळपुरते मागून आणले आणि प्रत्येक चाक एका काट्यावर ठेवलं. मी सीटवर बसलो असताना एकूण ३४० किलो, त्यातले १३५ मागच्या चाकावर. दोन चाकं पुढे असलेल्या गाडीत हा आकडा फार महत्त्वाचा. गुरुत्वमध्य जितका मागे, तितका तो एकट्या चाकाकडे सरकतो आणि वळणावर आधाराची रुंदी कमी होते. बॅटरी पुढे नेली, टाकी सीटखाली घेतली, सीट ५ इंच पुढे सरकवली. आता पुढे ११२ आणि १०८, मागे १२०. उलटण्याआधी ती किती जोर सोसेल याचा हिशेब केला: १.३ मीटर ट्रॅक, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, गुरुत्वमध्याची उंची सुमारे ४६ सेंटिमीटर धरली तर ०.९१ जी, म्हणजे वजनाच्या ०.९१ पट आडवा जोर, येते. आधीचं ०.८५ होतं. उंची आणखी ३ सेंटिमीटर कमी करता आली तर बरं होईल, पण खाली बागेतले दगड लागतात.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेते, बारा वर्षांत मारुती ८०० चे ते पुढचे दोन्ही कॅलिपर आतून गंजून जाम झाले होते. पिस्टन, सील, रबरी पाइप सगळं नवीन. मागच्या लाइनवर दाब कमी करणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह घातला, कारण जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे जाते आणि मागचं चाक आधी लॉक होऊन गाडी फिरते.

आणि ऑइल कूलर. मोटारसायकलवर त्याला समोरून वारा लागतो, आपल्याकडे इंजिन सीटच्या पाठीमागे कोंडलेलं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांची हवा, तीही अडलेली, मग ते तापणारच. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नळकांडं करून बाजूने हवा आत घेतली आणि कूलरमागे १२ व्होल्टचा पंखा लावला, तापमानाच्या स्विचवर. परवा दुपारी अर्धा तास सलग चालवून पाहिली, दम तोडला नाही.

तुझा स्लिंगशॉट मी नंतर मोठा करून नीट पाहिला. सुरुवातीच्या वर्षांतला दिसते, म्हणजे जनरल मोटर्सचं २.४ लिटरचं, १७३ हॉर्सपॉवरचं इंजिन असेल. आपलं २१. त्याचं मागचं चाक बेल्टवर, आपलं चेनवर, पण ठेवण तीच: पुढे दोन, मागे एक, आणि दोन माणसं शेजारी शेजारी. तू वर्कशॉपच्या भिंतीवर मॉर्गनचा, त्या इंग्रज गाडीवाल्याचा, फोटो चिकटवला होता ना? त्या माणसाने १९०९ मध्ये पहिली तीनचाकी केली तेव्हा त्याच्याकडेही मोटारसायकलचं इंजिन आणि एका शाळेच्या वर्कशॉपची उधार जागा, एवढंच होतं. तू हे मला तेव्हा इतक्यांदा सांगितलं होतं की पाठ झालं आहे.

रस्त्यावर मी ती काढणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही वाचले. मूळ रचना बदललेल्या गाडीची नोंदणी होत नाही, आणि ही तर तीन गाड्यांची मिळून एक. मला ते पटते. दुसऱ्याच्या लेकरासमोर ब्रेक लागेल की नाही हे माझ्या गॅरेजात ठरू नये. मामाच्या बागेतला रस्ता सव्वा किलोमीटरचा आहे, दोन्हीकडे संत्री, आपल्याला पुरेल. त्या वळणावर मी मुद्दाम डाव्या बाजूला तेवढंच ढेकूळ ठेवून ताशी ४० ने गेलो. चाक उचलल्याचं कळलं, स्टिअरिंग हातात तसंच राहिलं. ते झाड अजून आहे, सालीवरचा घाव भरून आला आहे.

आता तुझ्याकडून मला तीन मापं हवीत. भिंतीला पाठ टेकून बस आणि कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच सेंटिमीटरमध्ये घेऊन पाठव, कारण सीट पुढे आल्यावर पेडल माझ्या पायाला बसवली आहेत आणि तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच. तिसरं मनगटाचं. ते आता पूर्ण फिरते का, की थंडीत अजून धरते? तसं असेल तर मी स्टिअरिंग थोडं मोठ्या घेराचं घेतो, म्हणजे वळवायला जोर कमी लागेल. आऱ्यांचं जुनं चाक मी काढून टाकलं आहे, नवीन घ्यायचं ते तुझ्या उत्तरावर अडलं आहे.

तुझा मित्र