मन्या, फोटो विकायचे म्हणतोस तर हे वाच

प्रिय मन्या,

तो ‘पॅसिव्ह इन्कम’चा व्हिडिओ बघून, नवी लेन्स घेऊन नेटवर फोटो विकू का म्हणून विचारलेला तुझा मेसेज रात्री बघितला, मोबाईलवरच उत्तर टाइप करायला घेतलं आणि मग म्हटलं हे काय दोन ओळीत मावायचं नाही, म्हणून लॅपटॉप उघडून बसलोय. सावकाश वाच. वहिनींनाही वाचून दाखव, कारण त्या लेन्सचे पैसे शेवटी त्यांच्याच एफडीतनं जाणार आहेत हे मला माहितीये.

तर आधी लेन्सचं. घेऊ नकोस. लग्नाच्या ऑर्डरी घेणार असशील तर गोष्ट वेगळी, पण स्टॉकवर, म्हणजे फोटो वापरायचे हक्क विकणाऱ्या वेबसाइटवर, फोटो टाकायला तुझी ती जुनी कॅमेरा बॉडी आणि ५० एमएमची लेन्स बास झाली रे. अडोबी स्टॉक या साइटला कमीत कमी ४ मेगापिक्सेलचा फोटो लागतो, म्हणजे आजचा कुठलाही बरा मोबाईल त्यात बसतो. तपासणारा माणूस (आता बरंचसं मशीनच) लेन्स कुठली हे बघत नाही, शंभर टक्के झूम करून फोकस कुठंय, नॉइज (अंधारात येणारे दाणे) किती आहे, कुठं लोगो दिसतोय का एवढं बघतो. खिडकीशेजारचा उजेड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कमी आणि हात हलत असेल तर ट्रायपॉड, इतकंच भांडवल. शंभर टक्क्यावर बघायची सवय मात्र आधी लावून घे, तुमच्या फेसबुकवर झकास दिसणारे निम्मे फोटो तिथं मार खातात.

आता त्या व्हिडिओवाल्याचं ‘पॅसिव्ह इन्कम’. झोपेत डॉलर येतात म्हणे. येतात की, खोटं नाही, पण किती येतात ते तो थंबनेलवर लिहीत नाही. शटरस्टॉक या दुसऱ्या साइटनं जून २०२० पासून फोटो देणाऱ्यांच्या लेव्हल केल्या, १५ टक्क्यापासून ४० टक्क्यापर्यंत, जितकी डाउनलोड जास्त तितका वाटा जास्त, आणि गंमत म्हणजे १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी, परत १५ वरनं सुरू. एका डाउनलोडला कमीत कमी १० सेंट. दहा डॉलर नव्हे भावा, १० सेंट! सबस्क्रिप्शनवाल्या गिऱ्हाईकानं तुझा फोटो उचलला की बहुतेक वेळा याच्या आसपासच काहीतरी पडतं. अडोबी फोटोला ३३ टक्के देतं आणि २५ डॉलर साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह (फक्त त्यांनाच फोटो देणारा) नसलास तर फोटोला १५ टक्के. मधेच कधीतरी कुणीतरी मोठं लायसन्स घेतं आणि एकाच फोटोचे बरे पैसे येतात, त्या दिवशी आपण सगळ्यांना चहा पाजतो आणि मग पुढचे दोन महिने परत चिल्लर. मला विचारशील तर माझं नेटचं बिल, क्लाउडचं बिल आणि वर्षातनं एखादी ट्रिप यातनं निघते. घरचा हप्ता निघत नाही. नोकरी सोडायचं जे तू अर्धवट गमतीत लिहिलंयस ते गमतीतच राहू दे.

हे सगळं इतकं स्वस्त कसं झालं याची एक छोटी हिस्टरी आहे. २००० साली कॅनडात कॅल्गरीला आयस्टॉक सुरू झालं तेव्हा तिथं लोक आपापसात फोटो फुकट अदलाबदल करायचे, मग थोडे थोडे पैसे लावायला लागले, आणि २००६ मध्ये गेटी या बड्या फोटो एजन्सीनं तेच दुकान ५ कोटी डॉलरला घेतलं. मधल्या काळात २००३ मध्ये जॉन ओरिंजर नावाच्या माणसानं स्वतःचेच ३० हजार फोटो टाकून न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक काढलं. म्हणजे बघ, एकट्याचे ३० हजार! तू मला तीस फोटो निवडून देताना महिना लावतोस. पुढं अडोबीनं फोटोलिया ही तसलीच साइट घेतली आणि २०१५ मध्ये अडोबी स्टॉक आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तर गेटी आणि शटरस्टॉकनं एकत्र येणार म्हणून जाहीर केलं. दुकानं कमी, माल करोडोंनी, भाव कोण ठरवणार ते तूच सांग.

बरं, मग टाकायचं काय. तुझे कृष्णेच्या घाटावरचे सूर्यास्त सुंदर आहेत, मनापासनं सांगतो, पण ते टाकलेस तर अप्रूव्ह होतील आणि तसेच पडून राहतील. सूर्यास्त सगळ्या जगात रोज होतो आणि रोज कुणीतरी तो अपलोड करतं. घेणारा कोण आहे हे डोक्यात ठेव. तो कुठल्यातरी ऑफिसात बसलेला डिझायनर आहे, त्याला संध्याकाळच्या आत ‘छोट्या व्यावसायिकांना कर्ज’ असला बॅनर करायचाय, तो तीन शब्द टाइप करतो, पहिलं पान बघतो, फारतर दुसरं, आणि ज्या फोटोत एका बाजूला मजकूर टाकायला मोकळी जागा आहे तो उचलतो. तुझ्या फोटोच्या प्रेमात पडायला त्याला वेळ नाही. म्हणून माझे सगळ्यात जास्त विकले गेलेले फोटो बघितलेस तर हसशील. आमच्या इथल्या भाजीवाल्या मावशींचे कोथिंबिरीची जुडी बांधणारे हात. पांढऱ्या कागदावर ठेवलेली दवाखान्यातली गोळ्यांची पाकिटं, नाव पुसलेली. पावसात भरलेला रस्त्यावरचा खड्डा. तो खड्डा तर असा चाललाय की काय सांगू, महापालिकेचे आभार मानावेत का कळेना.

पण तुला मी एवढं लांबलचक लिहितोय त्याचं कारण वेगळंय. तू जिथं राहतोस ना, तिथं माल पडलाय लेका, आणि तू सूर्यास्त काढतोयस.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. मागं मी आलो होतो तेव्हा एका कारागिराकडं नुसता बसून होतो, ते तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा झंकार नीट लागावा म्हणून घोडी घासत होते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा, फारतर दोनदा फिरवायची, बोटानं पांढरी भुकटी पुसायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, परत कानस. तासभर तेच. मागं भिंतीला वाळलेल्या भोपळ्यांची चळत, पंढरपूरकडनं आलेल्या, एकेक आपल्या पोटाएवढा. त्या गल्लीतली मूळची मंडळी हत्यारं करणारी शिकलगार, तिथनं वाद्यांकडं वळली, आणि आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला. म्हणजे यावर लेख येणार, ब्रोशर निघणार, टुरिझमवाले बॅनर करणार, आणि त्या सगळ्यांना फोटो लागणार. तू सर्च करून बघ, सतार म्हटलं की काळ्या पडद्यापुढं ठेवलेली चकचकीत सतार मिळते, ती बनताना फार कमी दिसते. खुंट्या कोरताना, तुणाच्या लाकडाची दांडी घासताना, तरफांच्या (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या) तारा ओवताना, असे वेगवेगळे टप्पे काढ. एकाच टप्प्याचे दहा सारखे फोटो टाकू नकोस, ‘सिमिलर’ म्हणून एक ठेवून बाकीचे परत पाठवतात.

तसंच हळदीचं. सांगलीच्या मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची हळद साठवायची जी काही पेवं (जमिनीखालची कोठारं) उरली असतील ती (२००५ च्या पुरानं त्यांची वाट लावली हे तुला मी सांगायला नको), आणि तासगावला शेडमध्ये जाळीवर वाळणारा बेदाणा. इटलीतला फोटोग्राफर हळदीची वाटी आणि चमचा काढू शकतो, पांढऱ्या टेबलावर, तुझ्याहून चांगला काढेल. पेवात उतरलेला माणूस त्याला मिळत नाही.

आता कंटाळवाणा भाग, आणि खरं काम हेच आहे. फोटो काढायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ टायटल आणि कीवर्डला (शोधायच्या शब्दांना) जातो. शटरस्टॉकवर ५० पर्यंत कीवर्ड चालतात, अडोबीवर ४९, आणि अडोबीवर पहिले दहा महत्त्वाचे म्हणून त्यांचा क्रम नीट लाव. जे दिसतं ते आधी लिही, भावना नंतर. हात, कानस, घोडी, तानपुरा, कारागीर, मिरज, महाराष्ट्र, भारत, मग हस्तकला, परंपरा वगैरे, अर्थात इंग्लिशमध्ये. ५० चालतात म्हणून ‘योगा’ आणि ‘ताजमहाल’ घुसडू नकोस, लोक घुसडतात. आणि सणाचे फोटो सणाला टाकू नकोस, जाहिरात एजन्सीवाले दोन-तीन महिने आधीपासून शोधायला लागतात, गणपतीत काढलेले उकडीचे मोदक पुढच्या वर्षीच्याच कामाला येणार हे धरून चाल.

परवानगीचं मात्र नीट समजून घे. चेहरा ओळखू येत असेल आणि फोटो जाहिरातीला वापरता यावा असं वाटत असेल तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्या माणसाची लेखी परवानगी लागते, सही, तारीख, साक्षीदार सगळं, आणि लहान मूल असेल तर आईवडिलांची सही. नुसते हात असतील तर सहसा लागत नाही, म्हणून मी हातांचाच भक्त झालोय. रिलीज नसेल तर एडिटोरियल म्हणून टाकायचं, म्हणजे बातमी-लेखापुरता वापर, आणि कॅप्शन त्यांच्याच साच्यात, गाव, देश, तारीख, मग काय चाललंय ते साध्या वाक्यात. हे शटरस्टॉकला आणि अलामी या साइटला चालतं. अडोबीचं एडिटोरियल वेगळं आहे, तिथं ओळखू येणारी माणसं आपल्यासारख्याकडनं घेत नाहीत. इमारतींचंही झंझट असतं, मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं २०१७ मध्ये आपल्या इमारतीचाच ट्रेडमार्क घेतलाय, तेव्हा गेटवेचा फोटो कमर्शियलला (जाहिरातीच्या वापराला) देताना मागं काय येतंय ते बघावं लागतं.

आणि सही घेताना त्या माणसाला खरं सांग. हा फोटो कुठंही लागू शकतो, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीतसुद्धा, हे त्याच्या भाषेत समजावून सांग आणि मग कागद पुढं कर. हंगेरीतले ते आंद्राश आरातो, आपण ज्यांचे मीम एकमेकांना पाठवतो ते कसनुसं हसणारे आजोबा, ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर, हौसेनं स्टॉकच्या फोटोला उभे राहिले आणि जगभर त्यांचं जे झालं ते झालं. त्यांनी ते पुढं हसून घेतलं, पण सगळ्यांनाच तसं जमेल असं नाही. तुझ्या गल्लीतला माणूस तुला रोज दिसणार आहे.

एआयचं तू विचारलंयस. हो, फटका बसलाय. हसणारी बाई लॅपटॉपसमोर, हातात हात घातलेली टीम, असले फोटो आता कुणी कशाला काढेल आणि विकत घेईल. गेटीनं २०२२ मध्येच एआयनं बनवलेले फोटो घेणं बंद केलं, अडोबी लेबल लावून घेतं. आणि अडोबीचं फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय २०२३ मध्ये आलं ते अडोबी स्टॉकवरच्या मालावर शिकवलेलं, म्हणजे आपल्याच फोटोंवर आपला स्पर्धक पोसला, त्याबद्दल बोनस म्हणून काहीतरी दिलं. शटरस्टॉकही फोटो एआय शिकवायला देतं आणि त्याचा वाटा फंडातनं येतो, नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करता येतं, खातं उघडलंस की पहिल्यांदा ते बघून ठरव. मला राग आहे का, तर आहे थोडा. पण मी मशीनला सतार काढायला सांगून बघितलं होतं, खुंट्या कुठंही, तारा मधेच हवेत संपलेल्या, मिरजेतल्या कुणाला दाखवलीस तर तो दुकानातनं हाकलून देईल. उद्या तेही सुधारेल म्हणा. पण लेख मिरजेच्या कारागिरावर असेल तर संपादकाला मिरजेचाच कारागीर लागणार, बनवलेला नाही. म्हणून मी आता कमर्शियल कमी आणि एडिटोरियल जास्त करतोय.

पैशाचं कागदपत्र. खातं उघडल्यावर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकन कराचा फॉर्म भरायला लावतील, त्यात पॅन नंबर टाक आणि भारत-अमेरिका कर-कराराचा मुद्दा निवड, मग अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच पाहिजे, तू सगळीकडं ‘मन्या क्लिक्स’ लावत फिरतोस ते इथं नको. पेपालवरनं पैसे आपोआप बँकेत येतात, रूपांतरात थोडे जातात. आणि रिटर्नमध्ये दाखव रे बाबा, तिकडं कापलेल्याचं क्रेडिट मिळतं पण त्याला वेगळा फॉर्म भरावा लागतो, तुमच्या सीएला सांग, त्याला माहिती असतं.

रिजेक्शनवर चिडू नकोस एवढं सांगतो. मला एका एजन्सीनं भर दुपारी काढलेला मिरच्यांचा फोटो फोकस नाही म्हणून परत केला आणि तोच फोटो, एक पिक्सेल न हलवता, दुसरीकडं पास होऊन दर महिन्याला विकला जातोय. कुणाशी भांडणार? मशीनशी? पुढचा टाकायचा.

सध्या एवढं कर. पुढच्या रविवारी सतारमेकर गल्लीत जा, पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेव, चहा घे, ओळख काढ. मग काढलेल्यातले दहा फोटो अपलोड करायच्या आधी मला पाठव, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर सगळं चिरडून येतं. कीवर्ड मी बघून देतो. फोन दुपारी करू नकोस, मीटिंगा असतात, रात्री नऊनंतर कर. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
अव्या