परतीची वाट वेगळी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या पाठ झाल्या. त्याच खालून वर म्हटल्या की ग्लुकोज तयार!" तू घाईत होतीस म्हणून बोलले नाही. पण ग्लुकोज मोडून पायरुव्हेट करणाऱ्या त्या पायऱ्या नुसत्या उलट्या चढून ग्लुकोज घडत नाही गं.

सात पायऱ्यांवरून जाता येतं तसं परत येताही येतं. पहिली, तिसरी आणि दहावी मात्र उतरलीस की उतरलीस. तिथे ग्लुकोज घडवताना शरीर दुसरीच एन्झाइम्स वापरतं. दहावीसाठी तर केवढा वळसा! पायरुव्हेट पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शिरतं, कार्बन डायऑक्साइड जोडून घेतं आणि पुढच्याच टप्प्यावर तो सोडूनही देतं. ग्लुकोज मोडून पायरुव्हेट होताना निव्वळ 2 एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हाती लागतात. उलट घडवायला 4 एटीपी आणि तसलेच 2 जीटीपी मोजावे लागतात. हा खर्च मला पूर्वी खटकायचा, आता पटतो. वाटा वेगळ्या आहेत म्हणूनच इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन या हार्मोन्सना एक आवरून दुसरी मोकळी करता येते.

घडवण्याचं काम मुख्यतः यकृताचं, थोडं मूत्रपिंडाचं. मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं, तांबड्या पेशींना तर दुसरं काही चालतच नाही, आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा जेमतेम 100 ग्रॅमचा. मग लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल, प्रथिनांतली अमिनो आम्लं, मिळेल ते वेचून यकृत ग्लुकोज करत राहतं. तू झोपलेली असतेस तेव्हाही.

आता शेवटची पायरी, ती नीट वाच. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटतं आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. ते फॉस्फेट काढणारं ग्लुकोज-6-फॉस्फटेज यकृताकडे आहे, स्नायूंकडे नाही. म्हणून स्नायूंचा साठा स्नायूंपुरताच. काही बाळं या एन्झाइमशिवाय जन्मतात. साठवलेलं असो की नव्याने घडवलेलं, ग्लुकोज याच दारातून रक्तात येतं, तेच बंद. यकृत ग्लायकोजेनने फुगलेलं, आणि दूध मिळून काही तास झाले की रक्तातली साखर कोसळते. हे कारण 1952 मध्ये गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याने शोधलं.

या मुलांना मक्याचं कच्चं स्टार्च पाण्यात कालवून पाजतात, कारण ते सावकाश पचतं. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. त्यांच्या आया गजर लावून उठतात.

तुझी,
आई