डोलकाठी वाऱ्याने मोडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिडाच्या नौकेला अपघात झाला की बातमीत ठरलेले वाक्य येते : 'सोसाट्याच्या वाऱ्याने डोलकाठी मोडली.' वाऱ्याला फुकटचा दोष! शीड वेळीच आवरले असेल आणि आधाराच्या तारा धड असतील, तर नुसत्या वाऱ्याने डोलकाठी सहसा जात नाही. एक तर लाटेने नौका उलथते, नाहीतर एखादी तार किंवा तिची जोडणी दगा देते.

गोव्यात बांधलेली, भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची 'तुरीया' ही नौका पहिल्या प्रकारातली. 21 सप्टेंबर 2018 रोजी गोल्डन ग्लोब स्पर्धेत (शिडाच्या नौकेतून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा), दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलथली. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट जड. काठी पाण्यावर आपटते तेव्हाचा भार वाऱ्याच्या हिशेबात बसतच नाही. अशा वेळी बांधणीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार टाळता येतो, पण त्यावर कोणी लिहीत नाही. स्टेनलेस स्टीलच्या तारेचे टोक जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेले असते, तिथे खारे पाणी ओघळून साचते. खालच्या टोकाला जास्तच. बाहेरून तार लख्ख दिसते, आत गंज धरतो. मग नळीच्या तोंडाशी एक पेड तुटतो. सुती फडके तारेवरून फिरवले की तो अडकतो (उघडा हात फिरवू नये, सोलून निघतो). एक पेड तुटलेला दिसला तरी ती तार बदलायची. 'एवढा मोसम काढू' हे चालत नाही. वरकरणी चांगल्या दिसल्या तरी दहा-बारा वर्षांनी सगळ्या तारा बदललेल्या बऱ्या. टर्नबकलची (तार ताणून धरणाऱ्या आट्यांच्या जोडाची) खिळपिन जागेवर नसेल तर आटे हळूहळू सैल होतात. डेकमधून खाली जाणाऱ्या चेनप्लेटचा (तारा नौकेला जखडणाऱ्या पट्टीचा) झाकलेला भाग तर काढल्याशिवाय दिसतच नाही.

वाऱ्याकडच्या बाजूची तार तुटली, तर शीड ढिले सोडून लगेच वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा, म्हणजे भार शाबूत तारांवर जातो. पुढची तार गेली तर वारा पाठीवर घ्यायचा. मागची गेली तर नाळ (नौकेचे पुढचे टोक) वाऱ्यात घालून मुख्य शिडाचा दोर आवळायचा.

काठी पडलीच, तर तिचे मोडके टोक लाटेगणिक तळाला ठोसे देते आणि भोक पाडते. म्हणून तारा तोडायच्या. जाड तारेला बोल्ट-कटर पुरा पडत नाही. हातोडी आणि पंचने जोडपिना ठोकून काढणे सोपे. जमल्यास मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी वाचवावी, तात्पुरते शीड तिच्यावरच उभे राहते. पाण्यात लोंबणारे दोर वर घेतल्याखेरीज इंजिन सुरू करू नये, पंखा गुंतून बसतो. काठीवरचा रेडिओचा अँटेनाही गेलेला असतो, तेव्हा दुसरा जवळ हवा.

त्याच स्पर्धेत नोव्हेंबरमध्ये फ्रेंच दर्यावर्दी ज्याँ-लुक व्हान डेन हीड यांची नौकाही दक्षिण प्रशांत महासागरात जवळजवळ उलटी झाली. खालच्या तारांच्या बोल्टने डोलकाठी काही सेंटिमीटर चिरली आणि तारा ढिल्या पडल्या. त्यांनी भर समुद्रात काठीवर चढून जोडणी आवळली आणि जानेवारी 2019 मध्ये स्पर्धा जिंकली. निघण्यापूर्वी त्यांनी काठी दीड मीटरने आखूडही करून घेतली होती.

तेव्हा पुढच्या बातमीत वाऱ्याच्या वेगाबरोबर काठी नेमकी कुठे मोडली, आधी कोणती तार गेली आणि तारा किती वर्षांच्या होत्या, एवढे विचारून छापावे, ही विनंती.

आपले,
शिडाच्या नौकांच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक